योरुबा नाव: वाचायचं कसं, उच्चारायचं कसं आणि नामकरणाला जायचं कसं

नायजेरियात लागोस, इबादान किंवा अबेओकुटाला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्यांची यादी पडते. ओलुवाटोबिलोबा, अडेकुन्ले, टेमिटॉपे, अबियॉडुन. लांबलचक नावं बघून बहुतेक जण पहिली दोन अक्षरं उचलतात आणि स्वतःच एक लघुरूप ठरवून टाकतात. तसं करू नका, एवढीच माझी पहिली विनंती. योरुबा नाव हे बहुतेक वेळा एक पूर्ण वाक्य असतं. ओलुवाटोबिलोबा म्हणजे ‘परमेश्वर हा थोर राजा आहे’. मूल जन्मलं तेव्हा त्या घरात काय चाललं होतं, कोण गेलं होतं, काय मागितलं होतं, हे त्या वाक्यात असतं. वाक्य कळलं की नाव आपोआप लक्षात राहतं आणि समोरच्या माणसाशी पहिलं खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.

पहिली पायरी: नाव योरुबा आहे का, ते बघा

नायजेरियातलं प्रत्येक नाव योरुबा नसतं. योरुबा लोक मुख्यतः देशाच्या नैऋत्येला राहतात. लागोस, ओगुन, ओयो, ओसुन, ओंडो आणि एकिटी ही राज्यं त्यांची. क्वारातही ते मोठ्या संख्येनं आहेत आणि सीमेपलीकडे बेनिन देशातही त्यांची जुनी गावं आहेत. नावाच्या सुरुवातीला ‘चि’ किंवा कुठेतरी ‘चुकवू’ दिसलं (चिनुआ, चुकवुएमेका) तर माणूस बहुधा इग्बो, म्हणजे देशाच्या आग्नेयेकडच्या समाजाचा. ‘अडे’, ‘ओलु’, ‘ओलुवा’, ‘ऑला’, ‘आयॉ’, ‘अकिन’, ‘बाबा’ अशी सुरुवात दिसली तर योरुबा. मूसा, इब्राहिम, आइशा अशा नावांवरून मात्र काही ठरवू नका. उत्तरेतल्या हौसा लोकांत ही नावं असतात, तशी योरुबा मुसलमानांतही असतात आणि योरुबांमध्ये मुसलमान पुष्कळ आहेत. अशा वेळी आडनाव बघा.

दुसरी पायरी: तोंडात नीट बसवा

योरुबा रोमन लिपीत लिहितात, पण काही अक्षरांखाली टिंब असतं. छापील यादीत आणि ईमेलमध्ये ते टिंब सहसा गळालेलं असतं, आणि नवख्याची फसगत तिथेच होते.

टिंबवाला ‘ओ’ म्हणजे आपला ‘ऑ’. टिंबवाला ‘ई’ हा ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या मधला, तोंड जरा जास्त उघडून म्हणायचा. या लेखात मी तो ‘ए’ असाच लिहिला आहे. टिंबवाला ‘एस’ म्हणजे ‘श’. त्यामुळे यादीत ‘सेगुन’ दिसलं तरी माणूस शेगुन असतो, आणि ‘सोला’ दिसलं तर बहुतेक वेळा ती शॉला असते. शब्दाच्या शेवटचा ‘न’ पूर्ण उच्चारत नाहीत, तो नाकात जातो.

दोन व्यंजनांचा सराव मात्र करावाच लागतो. ‘जी’ आणि ‘बी’ जोडून आले की ‘ग’ आणि ‘ब’ एकाच क्षणी म्हणायचे. ग्बेंगा हे नाव ‘गबेंगा’ केलंत तर मध्ये नसलेला स्वर घुसतो. आणि योरुबातला ‘पी’ हा नुसता ‘प’ नसून ‘क’ आणि ‘प’ एकत्र फुटून होतो. टेमिटॉपेमधला शेवटचा ‘पे’ एखाद्या योरुबा माणसाच्या तोंडून दोनदा ऐका, म्हणजे फरक कानाला कळेल.

राहिले सूर. योरुबात तीन सूर आहेत: वरचा, मधला आणि खालचा. सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘ऑकॉ’ हा शब्द एका सुरात नवरा, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात गाडी आणि चौथ्या प्रकारे म्हटला की भाला. महिन्याभरात हे जमेल अशी अपेक्षा कोणी तुमच्याकडून करत नाही. पण नाव एकदा नीट म्हणून दाखवायला सांगा आणि त्याच्या चढउतारासकट पाठ करा. शिष्याने गुरूकडून तान घ्यावी तसं ते कानाने घ्यायचं असतं, कागदावरून नाही.

तिसरी पायरी: नाव फोडा

इथे खरा आनंद आहे. बहुतेक नावांत पहिला तुकडा ‘कोण’ किंवा ‘काय’ हे सांगतो आणि पुढचा तुकडा त्याने काय केलं ते.

पहिले तुकडे थोडेच आहेत. ‘अडे’ म्हणजे मुकुट, ही नावं मुळात राजघराण्यांशी नातं असलेल्या कुळांतली. ‘ऑला’ म्हणजे मानमरातब, वैभव. ‘ओलुवा’ म्हणजे परमेश्वर. ‘ओलु’ म्हणजे प्रभू किंवा धनी. ‘आयॉ’ म्हणजे आनंद, ‘अकिन’ म्हणजे शौर्य, ‘ऑमॉ’ म्हणजे मूल. ‘फा’ म्हणजे इफा, योरुबांची भविष्यविद्या आणि तिची देवता. ‘ओगुन’ म्हणजे लोखंडाचा आणि युद्धाचा देव. ‘आयान’ने सुरू होणारं नाव ढोल वाजवणाऱ्यांच्या घरातलं. एवढे तुकडे पाठ झाले की अर्धं काम झालं.

आता एक क्रियापद घेऊन बघा: ‘डेले’, म्हणजे ‘घरी पोहोचला’. आयॉडेले म्हणजे आनंद घरी आला. अकिंडेले म्हणजे शौर्य घरी आलं. ऑलाडेले म्हणजे वैभव घरी आलं. फाडेले म्हणजे इफा घरी आला. ओगुंडेले म्हणजे ओगुन घरी आला. आणि बामिडेले म्हणजे ‘माझ्यासोबत घरी चल’. हे नाव आईबाप गावापासून लांब असताना जन्मलेल्या मुलाला ठेवतात. ऑफिसात मात्र या सगळ्यांना हाक एकच असते: डेले. म्हणून तुमच्या विभागात दोन डेले असतील तर दोघांची पूर्ण नावं विचारा. एकाचे वडील इफाचे पुजारी असू शकतील आणि दुसऱ्याचा जन्म परगावी झालेला असेल.

अशीच आणखी काही क्रियापदं कायम भेटतात. ‘कुन्ले’ म्हणजे घर भरलं, म्हणून अडेकुन्ले म्हणजे मुकुटाने घर भरलं. ‘वाले’ म्हणजे घरी आला. ‘फेमी’ म्हणजे माझ्यावर प्रेम करतो, ‘बुन्मी’ म्हणजे मला दिलं, ‘शेगुन’ म्हणजे विजय मिळवला, ‘येमी’ म्हणजे मला शोभतो. माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांचं पहिलं नाव ओलुशेगुन: प्रभूने विजय मिळवला. पश्चिम नायजेरियाचे पहिले प्रीमियर ऑबाफेमी अवोलोवो यांचं ऑबाफेमी म्हणजे ‘राजाचं माझ्यावर प्रेम आहे’. इले-इफेच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

एक सावधगिरी. योरुबात ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे आणि पुष्कळ नावं बाई-पुरुष दोघांनाही चालतात. टेमिटॉपे पुरुष असू शकतो, बाईही. टायवो, इडोवू, ओलुवाशेउन यांचंही तसंच. न भेटलेल्या माणसाला पत्र लिहिताना ‘सर’ की ‘मॅडम’ हे आधी कोणाला तरी विचारून घ्या.

चौथी पायरी: नाव कोणत्या जातकुळीचं आहे ते ओळखा

माणसाला एकच नाव असतं असं इथे कोणी मानत नाही. नावांचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी.

पहिला प्रकार आमुटॉरुनवा, म्हणजे स्वर्गातून सोबत आणलेलं नाव. हे आईबाप निवडत नाहीत, मूल ज्या रीतीने जन्माला येतं ती रीतच नाव ठरवते. पायाळू मूल इगे. गळ्याभोवती नाळ गुंडाळलेली असेल तर मुलगा ओजो आणि मुलगी आइना. जन्मतः केसांच्या जटा असतील तर डाडा. पालथं जन्मलं तर अजायी. सॅम्युएल अजायी क्राउदर या नावातला अजायी हाच. क्राउदर १८२१ साली गुलाम म्हणून पकडले गेले, ब्रिटिश नौदलाने सोडवल्यावर सिएरा लिओनला पोहोचले, तिथे बाप्तिस्मा घेऊन त्यांचं नाव सॅम्युएल क्राउदर झालं. पुढे १८६४ साली ते पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाले आणि बायबलचं योरुबा भाषांतर घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एवढ्या उलथापालथीत त्यांनी अजायी सोडलं नाही.

जुळ्यांची नावंही याच प्रकारातली. योरुबांमध्ये जुळी होण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे आणि ओयो राज्यातलं इग्बो-ओरा हे गाव जुळ्यांसाठीच प्रसिद्ध आहे. आधी बाहेर येतो तो टायवो, म्हणजे जगाची चव बघायला आलेला. मागून येतो तो केहिंडे. पण थोरला कोण? केहिंडे! त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जग बघून ये म्हणून, असं मानतात. वाढदिवसाच्या केकवर ‘मोठा टायवो’ लिहू नका. जुळ्यांच्या पाठीवर होणारं मूल इडोवू, त्याच्यामागचं अलाबा, त्याच्यामागचं इडोग्बे. म्हणजे सहकाऱ्याचं नाव अलाबा असेल तर त्याच्यावर किमान तीन भावंडं आहेत आणि त्यांतली दोन जुळी आहेत, हे न विचारता कळतं. तुमच्या घरी लागोसमध्ये जुळं झालं, तर तुम्ही अथर्व-अन्वय काहीही ठेवा, शेजारीपाजारी त्यांना टायवो-केहिंडेच म्हणतील. म्हणू द्या, तो आशीर्वाद आहे.

दुसरा प्रकार अबिसॉ, म्हणजे जन्मानंतर विचार करून ठेवलेलं नाव. वर फोडून दाखवलेली बहुतेक नावं यातली. ‘इले ला न वो का टो सॉ ऑमॉ लोरुकॉ’ अशी म्हण आहे: मुलाचं नाव ठेवण्याआधी घराकडे बघावं. म्हणूनच आजोबा गेल्यानंतर जन्मलेला मुलगा बाबाटुंडे, ‘वडील परत आले’. आजी गेल्यानंतर जन्मलेली मुलगी येटुंडे किंवा इयाबॉ, ‘आई परतली’. सणाला जन्मलेलं अबियॉडुन, वाटेत जन्मलेलं अबियॉना, आठवड्याच्या आरंभी जन्मलेली अबॉसेडे.

तिसरा प्रकार ओरिकी. कौतुकाचं, लाडाचं नाव. आजी नातवाला उठवताना, समजूत घालताना, त्याने काही चांगलं केलं की ते म्हणते. मुलींच्या ओरिकीच्या शेवटी बहुधा ‘के’ येतो, म्हणजे जपणं, लाड करणं. अजॉके म्हणजे सगळ्यांनी मिळून जपलेली. अबेके म्हणजे विनवणी करून जपायला मागून घेतलेली. अशाके म्हणजे निवडून लाड केलेली. (गायक अशाके पुरुष आहे, त्याने आईचं नाव घेतलं आहे.) मुलांची ओरिकी अजानी, अकान्नी, अलाओ अशी. एखाद्याची ओरिकी कळली म्हणून तुम्ही ती वापरायची नसते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभते. समवयस्क मित्राने स्वतःहून सांगितली तर गोष्ट वेगळी.

चौथा प्रकार अबिकू. यापाशी थांबून जरा सावकाश बोलायला हवं. एकामागून एक मुलं दगावली की तेच मूल पुन्हा पुन्हा येतं आणि जातं असा समज होता. नायजेरियात सिकल सेलचा आजार फार मोठ्या प्रमाणावर आहे आणि अशा कित्येक मृत्यूंमागे तो असावा असं आज वैद्यकीय अंगाने बघणारे म्हणतात. त्या आईबापांनी मग नावातूनच मुलाला विनवलं. मालॉमॉ: आता जाऊ नकोस. डुरोजाये: थांब, जगणं भोग. रोटिमी: माझ्याजवळ राहा. कोकुमॉ: आता मरणार नाही. आणि कोसॉकॉ: ‘कुदळच नाही’, म्हणजे खड्डा खणायला काही उरलेलं नाही, तेव्हा तू जाऊ नकोस. १८४५ ते १८५१ या काळात लागोसच्या गादीवर असलेल्या राजाचं नाव कोसॉकॉच होतं. ज्यांच्या घरात धोंडू, दगडू, भिकाजी अशी नावं होऊन गेली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथेही पोर जगावं म्हणूनच नाव दगडाचं ठेवलं होतं. आज रोटिमी हे सर्रास आढळणारं नाव आहे आणि ते ठेवणाऱ्या प्रत्येक घरात मूल दगावलेलं असतं असं नाही. तरी या नावांचा अर्थ चारचौघांत गंमत म्हणून विचारू नका.

पाचवी पायरी: नामकरणाचं बोलावणं आलं तर

समारंभाला इसॉमॉलोरुकॉ म्हणतात. जुन्या रीतीत मुलाचं नाव नवव्या दिवशी, मुलीचं सातव्या आणि जुळ्यांचं आठव्या दिवशी ठेवत. आता सगळ्यांचंच आठव्या दिवशी होतं, जन्माचा दिवस धरून. सोमवारी जन्म झाला तर पुढच्या सोमवारी सकाळी. आपल्या बारशासारखे दिवस पुढे ढकलायची सवय इथे नाही, म्हणून बोलावणं आदल्या दिवशी आलं तरी नवल वाटू देऊ नका आणि वेळेवर जा.

आत गेल्यावर आईबापांना आधी म्हणा: ‘ए कू एवू ऑमॉ’. बाळंतपणाच्या संकटातून सुखरूप पार पडल्याबद्दलचं हे अभिवादन आहे. सासूबाई किंवा आजी असतील तर त्यांना वाकून नमस्कार केलात तर फार आवडेल. इथे तरुण मुलगे मोठ्यांपुढे पालथे पडतात आणि मुली गुडघे टेकतात, त्यामुळे वाकण्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पूर्वी या दिवसाला ‘कॉमॉजाडे’ म्हणत, मुलाला बाहेर आणण्याचा दिवस. घराच्या छपरावर पाणी उडवत आणि पागोळ्यांखाली उघड्या बाळाला धरत. थेंब अंगावर पडले की बाळ रडे आणि जमलेले लोक आनंदाने ओरडत. शहरात आता हे फारसं दिसत नाही, पण पाणी अजून आहेच.

मधोमध ताटात किंवा छोट्या वाडग्यांत काही वस्तू मांडलेल्या असतात. घरातला वडीलधारा माणूस एकेक उचलतो, प्रार्थना म्हणतो आणि बाळाच्या ओठांना किंचित लावतो किंवा आईकडून चाखवतो, मग ती वस्तू सगळ्यांत फिरते. पाणी पहिलं: ‘पाण्याला शत्रू नसतो’, तसं या मुलालाही नसो. मीठ आणि मध, जगण्याला चव आणि गोडवा यावा म्हणून. पामचं तांबडं तेल, आयुष्य सुरळीत जावं म्हणून. कोला बी, जिला ‘ओबी’ म्हणतात: ‘बी’ म्हणजे परतवून लावणं, तेव्हा ही मृत्यूला आणि रोगाला परतवो. ‘ओरोग्बो’, म्हणजे कडू कोला: ‘ग्बो’ म्हणजे म्हातारपणापर्यंत पोहोचणं, दीर्घायुष्य. आणि ‘अटारे’ ही मिरीसारखी तिखट शेंग, आत दाण्यांनी गच्च भरलेली, घर माणसांनी असंच भरावं म्हणून. ओरोग्बो खरोखर कडू असतं आणि अटारे जिभेला झोंबते. तुमच्यापर्यंत आलं की अगदी छोटा तुकडा घ्या, पण नाही म्हणू नका. ती प्रार्थनेतली तुमची वाटणी आहे.

घर ख्रिस्ती असेल तर पास्टर प्रार्थना घेतात, मुसलमान असेल तर बोकड किंवा मेंढा कापून अकिका करतात. दोन्हीकडे वरच्या वस्तूंपैकी काही गाळलेल्या असू शकतात, विशेषतः कोला.

मग नाव जाहीर होतं. एक नाही, अनेक. आईबापांचं, दोन्हीकडच्या आजीआजोबांचं. पाण्याच्या वाडग्यात पैसे टाकून नातेवाईक आणि जवळचे लोकही आपापलं नाव देतात. तुम्हालाही ‘तुम्ही एक नाव द्या’ असं कोणी म्हणू शकतं आणि तो मोठा मान आहे. आधी तयारी ठेवा. मराठी नाव दिलंत तरी चालेल, फक्त त्याचा अर्थ एका वाक्यात सांगता यायला हवा, कारण लगेच विचारतील. आनंद, विजया, जयंत अशी नावं इथल्या लोकांना लगेच आपलीशी वाटतात, कारण आयॉ आणि शेगुन त्यांच्याकडेही आहेत.

भेट म्हणून बाळाचे कपडे, डायपर किंवा पाकीट. पाकीट हातात द्या. नाचणाऱ्यांच्या अंगावर नोटा चिकटवण्याची किंवा उधळण्याची पद्धत तुम्हाला इथे दिसेल, पण नायजेरियाच्या २००७ च्या मध्यवर्ती बँक कायद्यानुसार तो गुन्हा आहे, सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे आणि अलीकडे खरोखर शिक्षाही झाल्या आहेत. परदेशी माणसाने त्या फंदात पडू नये.

सहावी पायरी: हाक मारताना

वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. ऑफिसात मिस्टर, मिसेस किंवा पदवी लावा, डॉक्टर असतील तर डॉक्टर, हज केलेले असतील तर अल्हाजी किंवा अल्हाजा. शेजारी, बाजारात, इमारतीत मुलाच्या नावावरून हाक मारतात: इया टुंडे, टुंडेची आई; बाबा टुंडे, टुंडेचे वडील. जुळ्यांच्या आईला इया इबेजी. थोरल्या भावंडाला ‘एग्बॉन’. लग्न होऊन घरात आलेली सून तर सासरच्या लहान मुलांनाही नावाने हाक मारत नसे, प्रत्येकासाठी स्वतःचं एखादं कौतुकाचं नाव योजायची. वन्सं आणि भावोजी म्हणत वाढलेल्यांना हे लगेच उमगेल.

लघुरूप वापरायचं की नाही हे समोरच्याने स्वतःची ओळख कशी करून दिली त्यावर ठरवा. ‘मी टोसिन’ म्हणाला तर टोसिन. ‘ओलुवाटोसिन’ म्हणाला तर तेच, अडखळलात तरी.

सातवी पायरी: फॉर्म, आडनाव आणि शोध

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आडनाव ही इथे तुलनेने नवी गोष्ट आहे. शाळा आणि सरकारी नोंदी आल्या तेव्हा वडिलांचं किंवा आजोबांचं नावच आडनाव म्हणून नोंदलं गेलं. त्यामुळे धर्म बदलला तरी आडनावात जुना देव राहिलेला दिसतो. २००७ ते २०१५ लागोसचे गव्हर्नर असलेले बाबाटुंडे राजी फाशोला हे याचं चांगलं उदाहरण. माणूस मुसलमान, आडनावात इफा, आणि पहिल्या नावात परत आलेले आजोबा. उलट काही कुटुंबांनी नव्या धर्माबरोबर ‘फा’ किंवा ‘ओगुन’ काढून तिथे ‘ओलु’ किंवा ‘जेसु’ घातलं. म्हणून एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं वेगळी आढळली तर कागदपत्रांत चूक आहे असं लगेच धरू नका. आणि मधलं नाव वडिलांचं असेल असं समजून फॉर्म भरू नका. ते त्या माणसाचं स्वतःचंच दुसरं नाव असतं.

एखाद्या नावाचा अर्थ शोधायचा असेल तर भाषातज्ज्ञ कोला टुबोसुन यांनी सुरू केलेला योरुबानेम डॉट कॉम हा ऑनलाइन नामकोश उघडा. तिथे नावाची फोड, सूर आणि अर्थ मिळतात. पण कोशात सापडणार नाही ते विचारूनच कळतं: हे नाव तुम्हाला कोणी दिलं, आणि बाकीची नावं कोणती? एखाद्याला वेळ असेल तेव्हा, जेवणाच्या सुट्टीत, हा प्रश्न विचारा आणि उत्तराला पुरेल इतका वेळ स्वतःकडेही ठेवा, कारण आजीने दिलेलं, मामाने दिलेलं, पास्टरने दिलेलं असं एकेक नाव सांगत माणूस घरातली सगळी मंडळी तुमच्यापुढे आणून बसवतो.